संगणक क्षेत्रातील नोकरीचा शोध : कट्ट्यावरील गप्पा आणि मुलाखतीची तयारी

ओतकाम, गूळ, कुस्ती आणि चित्रपट यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या चार दशकांत एक नवा व्यवसाय रुजला आहे. तो म्हणजे संगणकाच्या आज्ञावल्या तयार करण्याचा. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. गोकुळ शिरगाव येथील के. आय. टी. महाविद्यालय त्याच वर्षी, तर कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड अशा तालुक्यांतील शेतकऱ्यांची व कामगारांची मुले त्यामुळे अभियंते होऊ लागली. त्यांतील अनेकांना नोकरीसाठी मात्र सुमारे २३० किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते.

ही मुले सुटीला घरी येतात तेव्हा रंकाळ्याच्या काठावर अथवा पेठेतील चहाच्या टपरीवर त्यांच्या गप्पा रंगतात. कोणत्या कंपनीत भरती चालू आहे, मुलाखतीत काय विचारले, पगार किती सांगितला आणि हाती किती पडला, हे विषय त्यांत हटकून निघतात. वरवर पाहता हा वेळेचा अपव्यय वाटेल. वस्तुतः नोकरीच्या शोधातील माहितीचा मोठा भाग अशा अनौपचारिक बोलण्यातूनच एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो.

ओळखीचे मोल

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याविषयी एक उद्‌बोधक निष्कर्ष मांडला. परिचितांमार्फत नोकरी मिळालेल्यांपैकी, ती माहिती देणारी व्यक्ती वारंवार भेटणारी होती असे सांगणारे शेकडा सुमारे १७ होते. उरलेल्यांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. याचे कारण समजण्यास सोपे आहे. जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातील माणसाकडून.

संगणक क्षेत्रात तर अनेक कंपन्या रिकाम्या जागांसाठी आपल्याच कर्मचाऱ्यांकडून नावे मागवितात. अशी शिफारस म्हणजे वशिला नव्हे. शिफारस झालेल्या उमेदवारालाही परीक्षा व मुलाखत द्यावीच लागते. केवळ त्याचा अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते. तथापि प्रश्न येथेच उद्‌भवतो. ज्याच्या घरात वा गावात या क्षेत्रातील कोणीच नाही, त्याच्या अर्जाकडे लक्ष कोणी वेधावे? कट्टा सर्वांना खुला असतो असे म्हणतात, पण त्यावर बसायला आधी कोणाची तरी ओळख लागते.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि हे शहर विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून ओळखले गेले. त्या वसतिगृहांनी खेड्यातील मुलाला निवारा दिलाच, शिवाय त्याला पुढे गेलेल्या मुलांचा सहवासही दिला. आज आवश्यकता आहे ती या सहवासाची.

मुलाखतीचे टप्पे

संगणक कंपन्यांची निवड साधारणतः चार टप्प्यांत होते : तर्क व गणित यांची चाचणी, आज्ञावली लिहिण्याची चाचणी, तांत्रिक मुलाखत आणि शेवटी स्वभाव, अपेक्षा व वेतन यांविषयीचे बोलणे. यांपैकी तांत्रिक मुलाखतीचा नवोदितांना विशेष धाक वाटतो. तिचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, ग्रामपंचायतीकडे एक हजार नावांची यादी आहे आणि तीतून एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्या नावापासून एकेक पाहत गेल्यास प्रसंगी हजार नावे पाहावी लागतील. परंतु यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर मधले नाव पाहून हवे असलेले नाव पहिल्या अर्ध्या भागात आहे की दुसऱ्या, हे ठरविता येते. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावयाचे. या रीतीने फार तर दहा वेळा पाहून शोध संपतो. यादी दहा लाखांची असली तरी वीस वेळा पुरे होतात.

ही रीत पुष्कळांना पाठ असते. परीक्षकाला मात्र त्यापुढचे हवे असते. यादी क्रमवार नसेल तर काय? एकच नाव एकदाच शोधावयाचे असल्यास यादी क्रमाने लावण्याचा खटाटोप करण्यापेक्षा सरळ शोधणेच स्वस्त पडते. रोज शेकडो नावे शोधावयाची असतील, तर ती एकदा क्रमवार लावून ठेवणे श्रेयस्कर. जो उमेदवार उत्तर देण्यापूर्वी “यादी क्रमवार आहे काय?” असे विचारतो, त्याची विचारपद्धती परीक्षकाच्या ध्यानात येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून यंत्राकडून आज्ञावली लिहून घेणे सुलभ झाले आहे. म्हणूनच ‘कसे’ याच्या जोडीला ‘का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांची अडचण पुष्कळदा ज्ञानाची नसून बोलण्याची असते. तिच्यावर उपाय सरावाचा. तालमीत मैदानाआधी जोडीदाराबरोबर लढत होते आणि वस्ताद चुका दाखवितो. त्याचप्रमाणे दोघा मित्रांनी आलटूनपालटून परीक्षक व्हावे, उत्तर मोठ्याने बोलावे, आधी मराठीत विचार स्पष्ट करावा व मग तो साध्या इंग्रजी वाक्यांत मांडावा. अडखळत दिलेले परंतु समजून दिलेले उत्तर पाठांतरापेक्षा सरस ठरते.

ऐकीव सल्ला आणि फसवणूक

कट्ट्यावरील प्रत्येक सल्ला हितकारक असतोच असे नाही. ‘दोन वर्षांचा अनुभव खोटा दाखव, कोणी पाहत नाही’ हा त्यांतील सर्वांत घातक सल्ला होय. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदांना २०१४ पासून सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. कोणी कोठे व किती काळ नोकरी केली याची नोंद त्यामुळे एकत्र सापडते आणि कंपन्या ती पडताळून पाहू शकतात. खोटा अनुभव उघडकीस आल्यास मिळालेली नोकरी जाते आणि पुढील वाटही बिकट होते.

दुसरा धोका पैसे घेऊन नोकरी देऊ म्हणणाऱ्यांचा. प्रतिष्ठित कंपन्या निवडीसाठी उमेदवाराकडून अनामत अथवा प्रशिक्षणशुल्क मागत नाहीत. परदेशातील नोकरीबाबत तर अधिकच दक्षता हवी. थायलंडमध्ये संगणकविषयक नोकरी देण्याच्या मिषाने तरुणांना बेकायदा सीमापार, प्रामुख्याने म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालांना १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने नोंदणी सक्तीची केली. तेव्हा पैसे देण्यापूर्वी, पासपोर्ट हाती सोपविण्यापूर्वी दलालाची नोंदणी तपासणे अगत्याचे आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जमीन गहाण टाकून पैसे भरलेल्या कुटुंबाला लाजेपोटी गप्प राहण्याची किंमत फार मोठी पडते.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी या क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी करावी. गणेशोत्सवात वा दिवाळीत ही मुले गावी येतात. त्या वेळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात दोन तासांची बैठक बोलवावी. तीत भाषणे नसावीत. प्रत्येकाने आपली एक मुलाखत कशी झाली, कोठे चुकले, एवढेच सांगावे. नकार मिळालेल्यांचे अनुभव अधिक उपयोगी पडतात, म्हणून त्यांना मुद्दाम बोलते करावे. मुलींना टपरीवरील गप्पांत सहसा स्थान नसते, यास्तव त्यांना व त्यांच्या पालकांना आवर्जून बोलवावे. ग्रंथालयातील संगणक आठवड्यातून एक सायंकाळ सरावासाठी मोकळा ठेवावा.

ज्या मुलाचे वडील ओतशाळेत भट्टीपुढे उभे राहिले, त्याला संगणकापुढे बसण्याची पात्रता शिक्षणाने मिळवून दिली आहे. दार कोठे आहे हे त्याला वेळेवर कळावे, एवढी व्यवस्था गावाला सहज करता येण्याजोगी आहे.