स्क्रिप्टने मेल पाठवताना : अनुभवाचे बोल

शिरवळच्या कारखान्यातून माल सुटला की गाडी खंबाटकी घाट चढण्याआधी तिचं चलन ग्राहक, वाहतूकदार आणि गोदाम अशा तिघांच्या हाती पडायला हवं. आमच्याकडे हे मेल स्क्रिप्ट पाठवते. तिथे पत्ता चुकला तर लगेच कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून काही गोष्टी मी कटाक्षाने पाळतो.

१. पत्ते यादीतच ठेवा. पायथनच्या एसएमटीपीलिबमध्ये ‘सेंडमेल’ला तीन पत्ते एकाच स्ट्रिंगमध्ये दिले, तर ते मिळून एकच पत्ता धरला जातो. जुन्या आवृत्त्यांत मेल पहिल्यालाच जातो, बाकीचे दोघे वाट बघत राहतात. पॉवरशेललाही अनेक पत्ते ॲरे म्हणूनच द्यावेत.

२. पाकीट आणि आतलं पत्र वेगळं माना. मेल कुणाला जाणार हे सर्व्हरला दिलेल्या ‘आरसीपीटी टू’ आज्ञांवरून ठरतं. ‘टू’ची ओळ वाचणाऱ्यासाठी असते. म्हणून बीसीसीचे पत्ते ‘सेंडमेल’च्या यादीत घाला, हेडरमध्ये नको.

३. अर्धविराम आधी काढा. आउटलुकमधून उचललेल्या यादीत तो हमखास असतो. २००८ च्या आरएफसी ५३२२ प्रमाणे पत्त्यांमध्ये स्वल्पविराम लागतो.

४. नावं हाताने जोडू नका. ‘खरेदी विभाग, सातारा’ या नावातला स्वल्पविराम पत्त्याचे दोन तुकडे करतो. पायथनचं ‘फॉर्मॅटॲडर’ असं नाव इंग्रजी अक्षरांत असेल तर अवतरणात घालतं आणि देवनागरीत असेल तर स्वल्पविरामासकट नीट एन्कोड करतं. आपल्या ग्राहकाचं नाव त्याच्या लिपीत, शुद्ध दिसावं, एवढा मान त्याला मिळायलाच हवा.

५. नाकारलेले पत्ते तपासा. ‘सेंडमेल’ एरर देतं ते सगळेच पत्ते नाकारले गेले तर. एखादाच नाकारला गेला, तर तो परत मिळणाऱ्या डिक्शनरीत असतो. ती लॉगमध्ये लिहा आणि रोज वाचा.

६. सर्व्हरने मेल घेतला म्हणजे पोचला असं नाही. बाउन्स पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत येतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो पत्ता कुणीच उघडत नाही. त्या पेटीची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवा. बाकी सगळं स्क्रिप्ट करेल, पण न मिळालेल्या चलनासाठी गोदामाला फोन माणसालाच करावा लागतो.