इंजिनाचे मंगलस्नान

दसरा आला की आमच्या सावनेरात ज्याच्या दारी जे वाहन असेल, मग तो ट्रॅक्टर असो वा सायकल, त्याला न्हाऊ घालून झेंडूची माळ चढविण्याचा परिपाठ आहे. आणि कोळशाच्या खाणी जवळ असल्यामुळे बारमाही उडणाऱ्या काळ्या धुळीचे पुट अंगावर वागविणाऱ्या येथील वाहनांना त्या स्नानाची आवश्यकताही असते, हे मी नाकारीत नाही. माझा प्रमाद एवढाच की, तहसील कचेरीत उभी हयात काढून निवृत्त झाल्यावर, वरवर साफ दिसणाऱ्या दप्तराच्या आतही धूळ असते या जुन्या संशयाने मला गाडीच्या बाबतीतही सोडले नाही. नागपूरहून पस्तीसेक किलोमीटर धावत आलेली, अजून धगधगत असलेली माझी जुनी मारुती ८०० मी परभारे वॉशिंग सेंटरवर नेली आणि बॉनेट उघडून, ‘आतूनही होऊ दे’ असा हुकूम सोडला. पोऱ्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यातला अर्थ मला तेव्हा कळला नाही. मग प्रेशरच्या पाण्याचा फवारा तापल्या इंजिनावर सुटला, वाफेचा लोट उठला, आणि मी समाधानाने चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सहकुटुंब अदाशाच्या गणपतीस निघालो, तो टेकडीच्या चढावर गाडीने अंग टाकले. ती बंद पडली नाही. बंद पडती तर बरे होते. ती थरथरत, झटके मारीत, मधूनच फटकारा सोडीत चालू लागली. तीन सिलिंडरांच्या इंजिनात एक सिलिंडर रुसला की तिवईचा एक पाय मोडल्यासारखेच होते. राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी याच सावनेरात देह ठेवला. ‘बाळकराम’ या टोपणनावाने विनोद लिहिणाऱ्या गडकऱ्यांनी आमची ही वरात पाहिली असती, तर मराठी विनोदाची आणखी चार पाने सत्कारणी लागली असती.

यापुढचा आठवडा मी जो खर्च केला, त्याची कैफियत लज्जास्पद आहे. एकाने पेट्रोलात भेसळ आहे म्हणून टाकी रिकामी करविली. दुसऱ्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. तिसऱ्याच्या सल्ल्याने नवे प्लग बसविले. दुपारी उन्हात गाडी सुरळीत चाले, पहाटे दव पडले की पुन्हा तेच. तिजारीच्या तापासारखा हा पाळीचा विकार होता, आणि तो उन्हाने हटतो व दमटपणाने उलटतो यातच निदान होते. परंतु गाडी धुतली होती, ही गोष्ट मी एकाही मेकॅनिकला सांगितली नाही, कारण स्नानात दोष असेल ही शंका मला शिवली नव्हती.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला तो असा : “भाऊसाहेब, बिघडायच्या आधी गाडीले काय केलं होतं?” मी सांगताच तो हसला. “पेट्रोलबी पाजता अन् पाणीबी पाजता, मंग गाडी काय करन?” मग त्याने रात्र पडेपर्यंत मला बसवून घेतले, गॅरेजातला दिवा मालविला आणि इंजिन सुरू करावयास सांगितले. अंधारात डिस्ट्रीब्यूटरच्या कॅपवर आणि एका वायरीच्या बुडाशी बारीक निळ्या ठिणग्या मुंग्यांसारख्या धावत होत्या. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये हजारो व्होल्टांचे होऊन प्लगकडे निघतात. वाटेत साबण आणि धूळ मिसळलेला ओलावा भेटला की हा करंट प्लगपर्यंत कशाला जाईल, तो जवळची वाट धरतो. कॅप उघडली तेव्हा आत दवबिंदू होते, आणि मधल्या टोकापासून एका कडेच्या टोकापर्यंत शिसपेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. ठिणगीने जळून झालेला तो कार्बन स्वतःच करंट वाहून नेतो, म्हणून कॅप पुसून, वाळवून भागत नाही, बदलावीच लागते. नवी कॅप बसली, वायरी पुसून घट्ट झाल्या. गाडी पहिल्यासारखी शांत झाली.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल, त्यांनी प्रथम सेल्फ मारीत बसू नये. त्याने बॅटरी उतरते आणि प्लग पेट्रोलाने भिजतात. इंजिन बंद करून, बॅटरीची तार सोडून, बॉनेट उघडे ठेवून हवेचे प्रेशर मारावे. विशेषतः प्लगच्या खोलगट जागांत, कारण तेथे साचलेले पाणी वरून दिसत नाही. नव्या गाड्यांत डिस्ट्रीब्यूटर नसतो, बहुतेकींत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते; ती काढून तिचे रबर ओले आहे का, त्यावर पांढरट वा काळा माग आहे का, हे पाहावे. एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहिल्यास, दोष कॉइलबरोबर सरकला तर गुन्हेगार तीच. जागच्या जागी राहिला तर प्लग वा कनेक्टर तपासावा. स्कॅनरवर ‘पी ०३०१’ दिसले तर पहिला सिलिंडर, ‘०३०२’ दिसले तर दुसरा. इंजिनाचा दिवा नुसता पेटून न राहता लुकलुकत असेल, तर गाडी पुढे नेऊ नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आणि तो भाग स्वस्त नाही. डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो. तेथे सेन्सरचे कनेक्टर आणि अल्टरनेटर यांचा तपास आधी करावा. आणि धुण्यापूर्वी इंजिन हात ठेववेल इतके गार होऊ द्यावे, हे तर सांगावयास नको होते. पण मलाही कोणी सांगितले नव्हते.

आता दसऱ्याला बॉनेटखाली मी कोरडा ब्रश आणि किंचित ओला फडका एवढेच फिरवितो. काळ्या रेघेची ती जुनी कॅप मुद्देमाल म्हणून कोनाड्यात जपून ठेविली आहे. खंडेनवमीस विळा, पकड, हातोडी यांची पूजा करताना सौभाग्यवती तिलाही न विसरता कुंकू लावतात, आणि लावताना माझ्याकडे पाहतात.