उन्हाळ्यातील परसबाग : पाणी केव्हा व किती?

गोव्याच्या जांभ्या मातीत ओलावा फार काळ टिकत नाही. वैशाखात विहिरीने तळ गाठला की प्रथम संक्रांत येते ती परसातील भाजीवर. यास्तव पाणी सकाळी लवकर मुळाशी द्यावे व आळ्यांत वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरावे. तापमान ३५ अंशांपलीकडे गेल्यास टोमॅटोची फुले गळू लागतात. तेव्हा अधिक खत घालणे व्यर्थ असून दुपारची सावलीच उपकारक ठरते. वळवाची सर कोसळताच मात्र नित्याचे पाणी थांबवावे. बोटभर खोलीवर माती ओली असल्यास पाणी देऊ नये, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. एप्रिलअखेर पेरलेली तांबडी भाजी महिनाभरात, जूनच्या पावसापूर्वी, काढणीस येते. रोजच्या सवयीने नव्हे, तर माती पाहून पाणी दिल्यास विहीरही राखली जाते व भाजीही.