एका तारेतील दोन वाटा

ट्रस्टच्या स्मरणिकेत या विषयावर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास कारण घडले ते असे. एका पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अखेरच्या दिवशी अर्धवट राहिला. घरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे. दाखल्यांच्या प्रती पाठविता पाठविता जोडणी तुटे, पुन्हा जुळे, पुन्हा तुटे. शेवटी मुदत टळली. पुढे पाहता तारेच्या सांध्यात पाणी शिरलेले आढळले. मुलगी हुशार, पण सांधा ओला! तेव्हापासून वाटते की, ही विद्या प्रत्येक घरी थोडी तरी ठाऊक असावी.

ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ साली टेलिफोन सिद्ध केला आणि १८८२ मध्ये मुंबईस पहिले एक्सचेंज सुरू झाले. तांब्याच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन घरोघर नेल्या गेल्या. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विद्युत्-उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो व परस्पर वजा होतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्या काळी मोडेम फोन लावी आणि आवाजाच्याच वाटेने माहिती धाडी. त्यामुळे इंटरनेट चालू असता फोन बंद राही, आणि वेग फार तर सेकंदाला ५६ हजार बिटपर्यंत जाई.

आता खरी मौज पाहा. बोलण्यासाठी टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्या वापरतो. तांब्याची तार मात्र ११ लाख हर्ट्झ आणि त्यापुढेही वाहू शकते. म्हणजे वाड्याची एकच खोली वापरात, बाकी वाडा कुलूपबंद! ते कुलूप डीएसएल या पद्धतीने उघडले. तिच्या एडीएसएल या प्रकारात तारेचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या २५६ लहान वाटांत विभागतात. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा : ११०४ किलोहर्ट्झ भरतील. खालच्या वाटा आवाजासाठी मोकळ्या ठेवतात, आणि स्प्लिटर नावाची लहानशी डबी आवाज व माहिती वेगळी करते.

आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झवरील केंद्र ऐकण्याची आपल्या भागास जुनी सवय. ही संख्या याच पट्ट्यात पडते. रेडिओच्या लहरी तारेत शिरल्या तर मोडेम ती एक वाट टाळतो वा तिच्यावर कमी ओझे घालतो, आणि उरलेल्या वाटांनी काम चालवितो.

या पद्धतीचा दोष अंतराचा. विहिरीपासून संत्र्याच्या बागेपर्यंत कच्च्या पाटाने पाणी नेताना जसे ते मुरते, तशा वरच्या कंपनसंख्या तारेत लवकर क्षीण होतात. एक्सचेंजपासून पाचएक किलोमीटरपलीकडे ही सेवा सहसा टिकत नसे.

केबलची रीत निराळी. १९९१ नंतर उपग्रह-दूरचित्रवाणीबरोबर केबल घरोघर आली. तिच्या मधोमध तांब्याची तार, भोवती विद्युत्-रोधक थर, त्यावर धातूची जाळी व वर आवरण असते. चित्रवाणीच्या अनेक वाहिन्यांतील एखादी जागा मोकळी ठेवून तीतून इंटरनेट देतात. तीत क्षमता मोठी, परंतु ती साऱ्या मोहल्ल्याची सामाईक. एकाच पाटावर सर्वांनी एका वेळी पाणी घेतले की शेवटच्या शेतास धार बारीक पडते. संध्याकाळी केबलचा वेग मंदावतो तो यामुळेच.

वेगाचा हिशेबही समजून घ्यावा. जाहिरातीत वेग बिटमध्ये सांगतात, फाइल मात्र बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. एक मेगाबाइटचे चित्र ५६ हजार बिटच्या वेगाने सुमारे १४३ सेकंदांत येईल. २००४ च्या धोरणाने ‘ब्रॉडबँड’साठी किमान २५६ हजार बिट ठरविले. त्या वेगाने ३१ सेकंद लागतील. २०२३ पासून ही किमान मर्यादा २० लाख बिट आहे. तिने ४ सेकंद पुरतात.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एडीएसएलमध्ये घराकडे येणारी वाट रुंद आणि घरातून जाणारी अरुंद असते. घर घेईल पुष्कळ व देईल थोडे, असे त्यात गृहीत धरले आहे. अर्ज भरणाऱ्या, शिक्षकास उत्तर पाठविणाऱ्या मुलास मात्र जाणारी वाटच मोलाची.

आता तांब्याची जागा काचेचा तंतू घेत आहे. त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो, म्हणून विद्युत्-उपद्रव त्यास बाधत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व २०१५ पासून ती ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाते. तथापि पंचायतीपर्यंत तंतू आला म्हणजे घरात आला असे नव्हे. शेवटचा टप्पा कोणता, हे विचारलेच पाहिजे.

सारांश, जोडणी घेताना चार प्रश्न विचारावेत : तार कशाची? अंतर किती? वाटेकरी किती? जाणारा वेग किती?

आणि एक नम्र सूचना. आपल्या ट्रस्टने आजवर गरजू मुलांना वह्यापुस्तके दिली. या महोत्सवी वर्षात एक चांगली जोडणी व संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी एक खोली द्यावी. ओल्या सांध्यापायी पुन्हा कोणा मुलीचे वर्ष अडू नये, एवढीच इच्छा.