गिरणगावचा रविवार

नाशिक जिल्ह्यातील देवळा हा कांद्याचा मुलूख. अशा गावी एकट्याच्या हाताने न आवरणारे काम निघाले, की सावड करण्याची जुनी रीत आहे. आज चौघेजण एकाच्या शेतावर राबतात. उद्या तो त्या चौघांच्या शेतावर जातो. त्यासाठी कोणी हुकूम सोडावा लागत नाही. माणसे एकमेकांना ओळखतात, एवढे पुरते. परंतु जेथे शेकडो अनोळखी माणसे एका छपराखाली कामाला येतात, तेथे त्यांचा मेळ कसा बसावा? मोठमोठ्या कंपन्या आज आपल्या नोकरवर्गासाठी सहली व सांघिक खेळ मुद्दाम घडवून आणतात, त्या याच प्रश्नापायी. मुंबईच्या गिरणगावात या प्रश्नाचे उत्तर कामगारांनी आपले आपणच शोधले होते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत एकामागून एक धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे तिकडे लागले.

गिरणीचे काम साखळीसारखे असे. कापूस पिंजला जाई, त्याचे पेळू होत, त्रासनखात्यात सूत निघे आणि साचाखात्यात त्याचे कापड होई. सूत कच्चे निघाले, की ते पुढच्या साच्यावर तुटत राही. साचेवाल्याची मजुरी तर कापडाच्या मापावर. चूक एका खात्याची, तोटा मात्र दुसऱ्या खात्यातील माणसाचा! अशा रीतीने कामाने माणसे एकमेकांत गुंतलेली होती. पण तेवढ्याने मने जुळत नाहीत. साच्यांचा खडखडाट असा, की शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागे.

ओळख होण्यास मोकळा वेळ हवा, आणि नेमका तोच कामगारांजवळ नव्हता. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठराविक सुट्टी नसे. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे दुःख जाणले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती आणि दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

हा रविवार कामगारांनी कसा घालवला? चाळीतील एकेका खोलीत दहा-पंधरा गाववाले भाडे वाटून घेऊन राहत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला, की त्याच्या जागेवर रातपाळीचा येऊन निजे. जेवणाला खानावळ असे. अशा खोल्यांतूनच भजनी मंडळे निघाली, तालमी सुरू झाल्या, लेझीम घुमू लागली. हुतूतूच्या मैदानावर जॉबर आणि बदलीवाला यांत भेद उरत नसे. ज्याच्या पुढे सोमवारी मान खाली घालायची, त्याचाच पाय रविवारी धरून पाडता येई! नाटकांच्या तालमीही चाळींच्या आश्रयाने होत.

पुढे सरकारनेही या धडपडीला हातभार लावला. १९५३ साली मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि कोणी न नेलेला पगार हेही या निधीत जमा व्हावेत, अशी त्यात तरतूद होती. ज्या दंडाने कामगाराच्या डोळ्यांत पाणी येई, त्यातलाच काही भाग अशा रीतीने त्याच्या खेळांकडे व वाचनालयाकडे वळला. कामगारांच्या नाट्यस्पर्धांनाही या व्यवस्थेत स्थान मिळाले. क्रिकेटमध्ये टाइम्स शील्ड स्पर्धेत निरनिराळ्या कंपन्यांचे संघ एकमेकांशी झुंजत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. कित्येकांना पुन्हा काम मिळालेच नाही. अनेक कुटुंबे गावी परतली, आणि खात्यांचे जे संघ होते, त्यांतील माणसे पांगली. फिनिक्स व कमला या गिरण्यांच्या आवारात आज दुकाने आणि कचेऱ्या आहेत. परळच्या अशा कचेऱ्यांतील तरुणांना कंपनी एखादा दिवस लोणावळा-कर्जतकडे नेते आणि रस्सीखेच खेळवते. खेळ जुनाच आहे, आणि खेळताना हसूही खरेच असते. मात्र दिवस कंपनीने नेमलेला, गट कंपनीने पाडलेले. गिरणगावातला गडी आपला संघ आपणच निवडी आणि त्याची वर्गणीही आपल्याच खिशातून भरी.

कामगारांच्या नाट्यस्पर्धा मात्र अजूनही चालू आहेत. गिरण्या गेल्या, तरी इतर कारखान्यांतील कामगार त्यांत उतरतात. पाळी संपवून आलेली माणसे संध्याकाळी एकत्र जमतात, एकमेकांची वाक्ये पाठ करून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या यंत्रावर उभी राहतात.