पाटीवर काय लिहायचं

वारजे, पुणे

चि. भाच्यास,

तुझी इंटर्नशिप संपली, आता शनिवार-रविवारचा एक कोर्स करून तू ‘कायरोप्रॅक्टर’ होणार, हे तुझ्या आईकडून कळलं. एका वेलनेस सेंटरने नोकरी देऊ केली आहे, आणि ती नाही जमली तर माळवाडीत गाळा घेऊन स्वतःची पाटी लावायचा बेत आहे, हेही कळलं. फोन केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला ‘हो मावशी’ म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहिते.

आधी पाटीचं बोलू. साडेचार वर्षं घालवून तू फिजिओथेरपीची जी पदवी घेतलीस, तिच्यामागे महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही फिजिओथेरपी हा व्यवसाय नाव घेऊन नोंदला आहे. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्याकडे तसं रजिस्टरच नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने ते बिरुद राखीव केलंय, नोंदणीशिवाय ते लावणं तिथे गुन्हा आहे. इथे अडवणारं कोणी नाही, हे तुला सोयीचं वाटतंय. मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. उद्या कोणाच्या मानेला काही झालं, तर ‘तुम्ही हे कुठे शिकलात’ या प्रश्नाला दोन दिवसांचं सर्टिफिकेट पुढे करणार का? आणि त्या वेळी तुझी खरी पदवीसुद्धा त्याच चौकशीत ओढली जाईल.

कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे हातांनी मणके हलवून उपचार करण्याच्या या विद्येची, मी टिंगल करत नाहीये. डॅनियल पामर नावाच्या गृहस्थाने १८९५ मध्ये अमेरिकेत, डेव्हनपोर्ट गावी ती सुरू केली. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, चुंबकीय उपचार करायचे. परवान्याशिवाय उपचार केले म्हणून १९०६ मध्ये तुरुंगातही गेले. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये पहिला परवाना कायदा केला, लुइझियानाने सगळ्यात शेवटी, १९७४ मध्ये. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने घातलेल्या बहिष्काराविरुद्ध कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये जिंकले. म्हणजे त्यांच्या मायभूमीतही ही मान्यता सहज मिळाली नाही. आज तिथे आधीचं कॉलेज शिक्षण झाल्यावर साधारण चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास करावा लागतो. इंग्लंडात बोर्नमथला १९६५ पासून कॉलेज आहे, जवळ म्हणशील तर क्वालालंपूरला पदवीची सोय आहे. मनापासून तेच करायचं असेल तर जा. पैशांचं तुझी आई आणि मी बघू. फक्त परत आलास तरी इथे तुला फिजिओथेरपीच्या नोंदणीवरच उभं राहावं लागेल, हे धरून जा.

हातांनी सांधे मोकळे करणं आपल्याला काही नवीन नाही. तालमीतले वस्ताद निखळलेला खांदा बसवायचे, गावोगावी हाडवैद्य होते. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घेणारे लोक तुझ्या आजोळीही होते. गंमत अशी की बऱ्याच जणांना बरं वाटायचं! अचानक धरलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपसूक सुटते. मग शेवटचा हात ज्याचा लागला त्याचं नाव होतं. हा फायदा वस्तादाला मिळतो, कायरोप्रॅक्टरला मिळतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या फिजिओथेरपिस्टांनाही मिळतो.

रील्समध्ये ऐकू येणाऱ्या त्या ‘कडाड’ आवाजाचंही ऐक. २०१५ मध्ये कॅनडात अल्बर्टाच्या संशोधकांनी बोट मोडताना एमआरआय काढला, तर सांध्याच्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. तरी वारज्यात माझ्याकडे रोज कोणीतरी येऊन म्हणतं, “मॅडम, मणक्यात गॅप आलाय, तेवढा बसवून द्या.” त्याला हो म्हटलं की पैसे सोपे मिळतात. तू म्हणू नकोस. गॅप म्हणजे काय आणि तो दुखतोच असं का नाही, हे पाच मिनिटं बसून सांग. मॅनिप्युलेशनने, म्हणजे हातांच्या झटक्याने, कंबरदुखीला थोडा आराम पडतो, हे अभ्यासांतून दिसतं. पण इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं, की हातांचे उपचार द्यायचे ते व्यायामाच्या जोडीनेच. मेटलंड आणि मुलिगन यांच्या हातांच्या उपचारपद्धती तू कॉलेजात शिकलासच, आणि ते दोघेही फिजिओथेरपिस्ट. ज्या कामासाठी तू नवं बिरुद शोधतोयस, त्याचा बराचसा भाग तुझ्या पदवीत आधीच आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. पाठ दुखते म्हणून आलेल्या प्रत्येक माणसाला हात लावण्याआधी विचारायचं: रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखतं का, ताप येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी कॅन्सर झाला होता का. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो. बाहेरून तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो आणि आतून मणका पोखरलेला असतो. त्यावर झटका दिलास तर काय होईल ते मी लिहायला नको. सत्तरीच्या बायकांची हाडं बऱ्याचदा ठिसूळ असतात, त्यांना तर नुसत्या वाकण्यानेही फ्रॅक्चर होऊ शकतं. लघवीवर ताबा राहत नाही, बसायच्या जागी बधिर वाटतं असं कोणी म्हणालं, तर त्याला टेबलावर घेऊ नकोस, त्याच वेळी हॉस्पिटलला पाठव. आणि मान! सलूनमध्ये मान मोडून घेणाऱ्यांना माहीत नसतं, की मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर झटक्याने फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, मान्य. पण ज्या कोर्सचं माहितीपत्रक तू आईला दाखवलंस, त्यात ‘कोणाला करू नये’ या विषयाला किती तास दिलेत, ते मोजून बघ.

काम कुठे मिळेल, हा तुझा खरा प्रश्न. पहिली दोन वर्षं गाळा घेऊ नकोस. शिवाजीनगरला संचेती, एरंडवण्याला दीनानाथ, अशा मोठ्या ठिकाणी फिजिओ विभागात अर्ज कर. पगार बेताचाच मिळेल. पण तिथे ऑपरेशन झालेले आणि ऑपरेशन बिघडलेले असे दोन्ही प्रकार बघायला मिळतात, आणि सर्जन तुला ओळखायला लागतात. वारज्यात तोवर होम व्हिजिट करता येतील. गुडघा बदललेले आजी-आजोबा जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात. चांदणी चौकातून रोज दुचाकीवर हिंजवडी गाठणारी मुलं मान आखडून परततात. रामनगरच्या बाजूला बांधकामावर जाणारे लोक आहेत, त्यांना ‘आठ दिवस आराम करा’ म्हणणं निरर्थक आहे. त्यांना घमेलं कसं उचलायचं ते शिकव. प्रत्येक पेशंटमागे त्याच्या फॅमिली डॉक्टरला अर्ध्या पानाची चिठ्ठी पाठव: काय आढळलं, काय केलं, किती फरक पडला. आमच्या भागातले डॉक्टर जाहिरात बघून पेशंट पाठवत नाहीत. चिठ्ठी आली की पाठवतात.

वेलनेस सेंटरबद्दल माझं मत चांगलं नाही, ते लपवत नाही. मुलाखतीत ‘महिन्याला किती पॅकेज विकाल’ असं विचारणाऱ्यांना तुझ्या हातांशी देणंघेणं नसतं. पेशंट तीन सिटिंगमध्ये बरा झाला तर वीस सिटिंगचे आगाऊ घेतलेले पैसे परत करतात का, एवढं विचारून बघ.

रविवारी सकाळी ये, दुपारी जेवून जा. कौन्सिलच्या नोंदणीचे कागद आण, राहिले असतील तर इथेच बसून भरू. त्या सेंटरने दिलेलं कराराचं पत्रही आण, आणि कमिशनचं कलम कुठल्या पानावर आहे त्यावर आधीच खूण करून ठेव.

तुझी,
मावशी