डाउन सिंड्रोमचे मूल आणि मक्तबचा उंबरठा

अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे नंदुरबार जिल्ह्याचे नाव दीनी शिक्षणासाठी दूरवर घेतले जाते. याच जिल्ह्यात एखादे डाउन सिंड्रोमचे मूल ‘त्याला काय समजणार’ म्हणून मक्तबला पाठवलेच जात नसेल, तर सूरह अबस पुन्हा वाचावी. अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) शिकण्यासाठी आले असता त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि अल्लाहने थेट आपल्या प्रेषितांना (स.) समज दिली.

21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याने ही अवस्था उद्भवते. ग्रहणाशी किंवा आईच्या वागण्याशी (दोष नेहमी आईच्याच माथी!) तिचा संबंध नाही. अशा सुमारे निम्म्या बालकांना जन्मजात हृदयविकार असतो. म्हणून जन्मानंतर लगेच इको तपासणी करावी. श्रवण, दृष्टी व थायरॉईडही तपासावे. उपचार टाळून बसणे म्हणजे सब्र नव्हे.

ही मुले ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात. वुजू शेजारी बसून करून दाखवा. अल्हम्दुची एकच आयत आठवडाभर म्हणवून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, आणि त्याच आठवड्यात मक्तबच्या मौलाना साहेबांचीही भेट घ्यावी, मुलाला सोबत घेऊनच.